कासोंदेची झोप

कासोंदे माझ्या मागच्या अंगणातली खोली बघायला आली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "अंबुया, इथे सकाळी कोंबडे किती आरवतात?" अंबुया म्हणजे आजी, इथे सगळे मला तेच म्हणतात.

लोक नळ कुठे विचारतात, शाळा किती लांब विचारतात, शेजार कसा आहे विचारतात. कोंबड्यांची चौकशी करणारी बाई मी आमच्या चिलेंजे वस्तीत पहिल्यांदाच पाहिली. मी म्हटलं, "कोंबडा एकच आहे, आणि तो आमच्यासारखा न्गोनी आहे. बेंबा बाई दिसली की मुद्दाम ओरडेल."

ती लगेच हसली नाही. थकलेल्या माणसापर्यंत विनोद उशिरा पोचतो. आत जाऊन भिंती बघितल्या, खिडकीला हात लावून बघितला, बाहेर आली आणि तेव्हा म्हणाली, "त्याला सांगा, आम्ही बेंबांनी माकडं खाऊन पचवली. कोंबडा म्हणजे काय, तोंडी लावायला."

तेव्हाच मी ठरवलं की खोली हिलाच द्यायची.

न्गोनी आणि बेंबा या दोन जमाती; आमच्या आणि त्यांच्या पूर्वजांनी एकमेकांना भरपूर मारलं, आणि मारून मारून कंटाळा आल्यावर थट्टेची सोयरीक जोडली. ती अजून चालू आहे. आम्ही त्यांना माकडखाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हाला उंदीरखाऊ. थट्टेच्या सोयऱ्याने तुमच्या ताटातला घास उचलला, डोक्यावरची टोपी पळवली, तरी रागवायचं नाही. रागावलात तर चार लोकांत तुमचीच शोभा.

कासोंदेचं माहेर कासामाकडचं. नवरा सोल्वेझीला खाणीत, तो महिन्या-दोन महिन्यांनी येई आणि आल्या आल्या झोपे. त्या घराण्यात कोणाचीच झोप पुरी झालेली नव्हती. मुलगी एक, मापालो. कासोंदेला काम रात्रीचं. ती सकाळच्या मिनीबसने परतायची, तेव्हा मापालो शाळेला निघालेली असायची. मायलेकींची भेट फाटकात. आई लेकीची कॉलर सारखी करी, लेक आईच्या हातात किल्ली ठेवी, आणि एक बाहेर, एक आत. मी व्हरांड्यात शेंगा सोलत बसलेली असे. मला ते रोज बघवत नसे आणि रोज बघितल्याशिवाय राहवतही नसे.

तिचं काम मला कळायला बराच काळ गेला. आधी मला वाटलं ती बँकेत झाडलोट करते. मग कळलं की ती राखण करते, पण घरांची नाही, कॉम्प्युटरांची. शहरातली दुकानं, कारखाने, इस्पितळं यांच्या यंत्रांत कोणी चोर शिरतोय का, हे लांबून बघत बसायचं.

"मग पहारेकरीच की तू," मी म्हटलं. "काठी कुठाय?"

"काठी आहे ना. एक्सडीआर म्हणतात तिला."

"हे कसलं नाव? औषधाचं वाटतं."

तिने मग नीट सांगितलं. पूर्वी म्हणे प्रत्येक गोष्टीला वेगळा पहारेकरी असे. एक ईमेल बघणार, एक कॉम्प्युटर बघणार, एक बाहेरून आत येणारी वाट बघणार. तिघेही आपापलं ओरडायचे आणि कोणाला कोणाचं ठाऊक नसायचं. आता वर एकच यंत्र बसतं. ते सगळ्यांचं ऐकतं, इकडचा तुकडा तिकडच्या तुकड्याला जोडतं आणि सांगतं की बाई, हे तीन आवाज वेगळे नाहीत, हा एकाच माणसाच्या चालण्याचा आवाज आहे. आणि नुसतं सांगून थांबत नाही. ज्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला तो स्वतःच बाकीच्यांपासून तोडून टाकतं, दार लावून घेतं.

मी म्हटलं, "म्हणजे न्याबांडा!"

न्याबांडा आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिने पाहिलं की कोणी नेहमीपेक्षा एक पाव जास्त घेतला, कोणाच्या दारात परक्या चपला दिसल्या, कोणाचा पडदा दुपारी ओढलेला, की संध्याकाळपर्यंत तिची गोष्ट तयार. आणि दहातल्या नऊ वेळा चपला दिराच्याच निघतात.

कासोंदे त्या दिवशी मनापासून हसली. "न्याबांडाच, अंबुया. हुबेहूब. रात्रभर माझ्या कानाशी न्याबांडा. आणि मी प्रत्येक वेळी उठून जाऊन बघायचं, की बाई, चपला दिराच्याच आहेत. बघितलं नाही आणि एखाद्या वेळी खऱ्या चोराच्या निघाल्या तर?"

तिचा थकवा कामाचा नव्हता, या बघण्याचा होता. काही घडत नाही, तरी घडतंय असं समजून बसायचं. दिवसा झोपली तरी झोपेत तिचा अंगठा कळ दाबल्यासारखा हलायचा. मापालोने मला दाखवलं होतं एकदा, दाराच्या फटीतून.

तिला एकच गोष्ट हवी होती, दिवसाची पाळी. तिचे साहेब हामूंगा, त्यांनी शब्द दिला होता की पुढच्या महिन्यापासून सकाळची जागा रिकामी होते आहे, ती तुझी. ती मला म्हणाली, "अंबुया, मी रात्री झोपेन. माणसासारखी. मापालोच्या शेजारी." एवढंच. दुसऱ्या बायका साखळी मागतात, घर मागतात.

आता माझा भाचा झाकेयो जेरे. माझ्या थोरल्या बहिणीचा, एस्नातीचा मुलगा. आमच्यात आईची धाकटी बहीण ती धाकटी आईच असते, म्हणून तो मला आई म्हणतो. तो मिशनच्या इस्पितळात औषधांच्या कोठीवर आहे. त्याच्या शेजारच्या टेबलावर कापासा नावाचा बेंबा. दोघांचं रोज जुंपलेलं. एका रविवारी झाकेयो माझ्याकडे जेवायला आला आणि सांगू लागला, "आई, त्या माकडखाऊने काल माझ्या कॉम्प्युटरवर भाजलेल्या उंदरांचं चित्र लावलं. काठीला ओवलेले, शेपट्यांसकट! मी पण त्याच्या नावाने मेट्रनला ईमेल पाठवला की मला इस्पितळात माकडाचं मांस मिळावं."

कासोंदे पाणी भरायला आली होती. तिच्या हातातली बादली खाली आली.

"तुम्ही? ते तुम्ही दोघं आहात?"

"कोण आम्ही?"

"औषधकोठीतले! एकाच्या नावाने दुसऱ्याच्या यंत्रावर शिरणारे, एकाच्या नावाने भलतेसलते ईमेल पाठवणारे! अहो, माझं यंत्र तुमच्यापायी रोज बोंबलतं. सगळे तुकडे जोडून सांगतं, इस्पितळात दरोडा पडला! आणि तुमचे कॉम्प्युटर तोडले त्याने मागे, तेव्हा मला किती ऐकून घ्यावं लागलं!"

"अस्सं, ते तू तोडलंस होय! औषधं कागदावर लिहून द्यावी लागली आम्हाला."

"पण त्याच्याकडे तुमचा पासवर्ड कसा?"

झाकेयोने तिच्याकडे असं पाहिलं, की ही बेंबा असून असं काय विचारते. "त्याने मागितला. थट्टेच्या सोयऱ्याला नाही म्हणू? उद्या माझ्या मढ्यावर तो काय काय करेल!"

कासोंदेने बादली उचलली. तीही त्यातलीच. हे यंत्र बनवणारे लांबच्या देशातले. त्यांनी चोर पाहिले होते, पण असा सोयरा पाहिला नव्हता, जो तुमची वस्तू हक्काने नेतो आणि तुम्ही हसून देता. यंत्राच्या हिशेबी नेणारा तो चोरच.

मग तिने काय केलं, ते तिने मलाच आधी सांगितलं. यंत्राला समज दिली की या दोन कॉम्प्युटरांवर, या दोन माणसांच्या नावाने काही झालं, तर ओरडायचं नाही आणि तोडायचं तर मुळीच नाही. फक्त मनात ठेवायचं. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी इस्पितळाला कळवलं असतं की तुमची दोन माणसं पासवर्ड वाटून घेतात, आणि दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तिला दया आली. आणि खरं सांगायचं तर तिला कंटाळाही आला होता. दोन्ही एकदमच आली, त्यातलं कुठलं किती ते तिलाही सांगता येणार नाही.

मग एस्नाती आजारी पडली. पडली ती उठली नाही. वय झालं होतं तिचं, माझ्याहून मोठी. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

पुरायच्या दिवसाची आणि त्या रात्रीची कासोंदेने सुट्टी घेतली. आदल्या रात्रीचं काम उरकून ती थेट मयताच्या घरी आली, डोळे लाल. मी म्हटलं, "जा, झोप जरा." ती म्हणाली, "बेंबा आहे मी, अंबुया. न्गोनीच्या मयताला बेंबा झोपली असं झालंय कधी?" थट्टेच्या सोयऱ्यांचं तिथे कामच ते असतं. रडणाऱ्यांना हसवायचं, भांड्यातली कोंबडी पळवायची, मेलेल्या माणसाच्या नकला करायच्या. कासोंदेने न्शिमाचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचं, पातेलं ढवळता ढवळता दोन तंगड्या पळवल्या, पण तिच्यात जोर नव्हता. एक तंगडी तर तिने हातातच धरून ठेवली, खायची विसरली.

कापासा मात्र रंगात होता. एस्नातीचं चितेंगे, तिचं नेसायचं रंगीत कापड, कमरेला गुंडाळून, तिची काठी घेऊन, तिच्यासारखा वाकून चालत होता आणि प्रत्येकाला तिच्या आवाजात ओरडत होता, "पाय पुसले का? पाय!" मला इतकं रडू आलं आणि इतकं हसू आलं की पोटात दुखलं.

दफनभूमीत तर त्याने कळस केला. खड्डा तयार, पेटी खाली सोडायची, तर हा आत उतरून आडवा झाला.

"मी उठत नाही! ही जागा बेंबांची! मला जिवंत कोंबडी आणून द्या, मग उठतो!"

"अरे ऊठ, माकडाच्या नातवा!" वरून माझा चुलत दीर.

"उंदीर चालणार नाही! कोंबडी म्हटलंय मी!"

झाकेयो काठावर उभा होता. डोळे गळत होते आणि खांदे हसण्याने हलत होते. त्याच वेळी कासोंदेचा फोन वाजला. गाणी चालली होती, ऐकू येईना, म्हणून तिने आवाज मोठा केला. मी तिच्याच खांद्याला धरून उभी होते.

ऑफिसात दिवसा बसणारी शिकाऊ पोरगी लुयांडो बोलत होती. "मॅडम, सुट्टीच्या दिवशी त्रास देते. काही नाही, तुमचे पाहुणे आजही चालू आहेत, एवढंच. जेरेच्या नावाने कापासाच्या कॉम्प्युटरवरून खूप काही चाललंय. यंत्राने मनात ठेवलंय, तुमच्या नियमाप्रमाणे. म्हटलं तुम्हाला हसू येईल."

"कधी चाललंय?"

"आत्ता. चालूच आहे."

कासोंदे काठाकडे बघत होती. "जेरे माझ्यासमोर उभा आहे, लुयांडो."

"मग कापासा असेल."

"कापासा खड्ड्यात आहे."

"कसल्या?"

कासोंदेने फोन खाली केला. पुढे झाली, खड्ड्यावर वाकली. "कापासा, इस्पितळात तुझ्या टेबलावर आज कोण आहे?"

"माझं भूत!" खालून आवाज आला. सगळे हसले.

"थट्टा नाही करत मी. तुझा पासवर्ड आणखी कोणाला दिलास?"

"सैतानाला! तोही बेंबाच आहे!"

आणखी हसू. कोणीतरी म्हणालं, "बाई चांगली आहे हो, फोन घेऊन सोंग करते, नवीन पद्धत." ती जितकं म्हणे की खरं सांगते, तितके लोक जास्त हसत. खड्ड्याच्या काठावर बेंबाने खरं बोलावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, झाकेयोकडे बघितलं, आणि मग उकरलेल्या मातीच्या ढिगावर बसून राहिली. हातातली तंगडी मातीत पडली, ती तिने उचललीही नाही.

ते कापासाने खालून पाहिलं. थट्टेचा सोयरा दुसऱ्याचं तोंड वाचण्यात तरबेज असतो. तो चितेंगे सावरत उठला, बाहेर आला, आणि साध्या आवाजात म्हणाला, "काय झालंय?"

"झाकेयोच्या नावाने तू शेवटचं कधी काही केलंस?"

"म्हातारी अंथरुणाला खिळल्यापासून नाही केलं. आई मरायला टेकलेली, त्याच्या यंत्राला हात लावीन मी? मी तिला बघायला जात होतो."

झाकेयो म्हणाला, "मग तो ईमेल? 'तुमचे फोटो आमच्याकडे आहेत, पासवर्ड घालून उघडा' म्हणून आलेला? मी म्हटलं हा माकडखाऊच. हसत हसत घातला मी पासवर्ड. आणि नंतर काळ्या पडद्यावर काहीबाही यायचं, त्यालाही मी हसलो. म्हटलं, बरंय, आईच्या आजारपणातही मला विसरला नाही."

"मी नाही पाठवला," कापासा म्हणाला. मग पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे थट्टेशिवाय बघितलं.

कासोंदेला पुढचं सगळं दिसलं असणार. मी तिच्या शेजारी ढिगावर टेकले. यंत्राचं तोंड तिने बांधलं होतं. ती इथे, लुयांडो शिकाऊ; आत्ता सोडायचं तर साहेबांकडूनच सोडवावं लागणार, आणि साहेब विचारणार की बांधलं कोणी. सकाळची पाळी अशी तोंडाशी आलेली.

तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, मिशनच्या इस्पितळाची औषधकोठी तोडा. सगळी. आत चोर आहे, आणि बराच काळ आहे. यंत्र ओरडलं नाही कारण मीच त्याला गप्प बसवलं होतं. नंतर बोला मला काय बोलायचं ते. आधी तोडा."

मग ती उठली. कापासा म्हणाला, "मी परत आडवा होऊ का? कोंबडी आलेली नाही." कोणी हसलं नाही, पण झाकेयोने मागे बांधून ठेवलेली कोंबडी त्याच्या हातात ठेवली. आम्ही एस्नातीला पुरलं.

चोर औषधकोठीतून वॉर्डांच्या कॉम्प्युटरांपर्यंत पोचला होता, दार तेवढं उघडायचं राहिलं होतं. कोठीचे दोन कॉम्प्युटर गेले. तिथे कितीतरी दिवस कागदावर औषधं लिहून दिली, नर्सांनी शिव्या दिल्या. पण वॉर्ड वाचले, बाळंतिणींचे आणि रक्ताचे कागद वाचले. हे सगळं मला कासोंदेने सांगितलं नाही, झाकेयोने सांगितलं.

हामूंगासाहेब सांत्वनाला माझ्याकडे आले. चांगला माणूस, टोंगा आहे, गुरं पाळणाऱ्या जमातीचा, बोलणंही गाईसारखं संथ. मी महेऊचा, मक्याच्या आंबिलाचा, पेला दिला. तो अर्धा झाल्यावर त्यांनी कासोंदेला बोलावलं.

"अहवालात लिहू की यंत्र चुकलं," ते म्हणाले. "यंत्राला मुलंबाळं नाहीत. बनवणारे समुद्रापार आहेत, ते नाही नाही म्हणतील आणि शेवटी गप्प बसतील."

"मग इस्पितळवाले विचारतील, चोर आला कसा. आणि जेरे-कापासाचे पासवर्ड निघतील."

"निघू देत. त्यांनी वाटले ना?"

"त्यांनी वाटले हे मला माहीत होतं, साहेब. माहीत होतं म्हणूनच मी यंत्राला गप्प केलं. मी तेव्हा त्या दोघांशी बोलले असते, वेगळे पासवर्ड करून दिले असते, तर झालं असतं. पण मला झोप आली होती."

हामूंगांनी पेला खाली ठेवला. "सकाळची पाळी मग मला देता येणार नाही, कासोंदे. वरचे ऐकणार नाहीत."

"माहीत आहे."

"जरा झोपून विचार कर. उद्या सांग."

"झोपेचीच तर गोष्ट आहे, साहेब," ती म्हणाली. हसली का नाही ते कळलं नाही. साहेबांनी उरलेलं महेऊ प्यायलं, मला नमस्कार केला आणि गेले. साहेबांना जे सांगितलं तेच तिने पुढे वरच्यांच्या बैठकीतही सांगितलं.

झाकेयो आणि कापासाची कानउघाडणी झाली, पण तिने दोष आपल्यावर घेतल्यामुळे दोघे कामावर राहिले. सकाळची पाळी लुयांडोला मिळाली. तिला काम शिकवायला कासोंदेच जाते, तेही आपल्या झोपेतून वेळ काढून. यंत्राचं तोंड आता सोडलंय. पण ते त्या दोघांवर ओरडलं, की कासोंदे तोडण्याआधी स्वतः फोन करते, कुठे आहात म्हणून विचारते. झाकेयो म्हणतो, "न्गोनी इथेच आहे, उंदीर सोलतोय." कापासा म्हणतो, "बेंबा इथेच आहे, न्गोनीवर नजर ठेवून." मग ती लिहून घेते आणि पुढच्या आवाजाकडे वळते. म्हणजे तिचं काम कमी नाही झालं, वाढलंच.

सकाळची पाळी गेल्याचं मापालोला तिने फाटकातच सांगितलं. मी ऐकत होते. पोरीने विचारलं, "मग कधी?"

"माहीत नाही गं."

मापालोने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि शाळेला गेली. कासोंदे व्हरांड्याच्या पायरीवर बसली, बूट काढले, पाय चोळले. मी शेंगांची थाळी पुढे केली. तिने दोन घेतल्या.

"अंबुया, मी झोपते आता. कोणी मेलं तरच उठवा."

"आणि न्गोनी मेला तर? तुला सगळ्यात आधी यावं लागेल. खड्ड्यात उतरायला."

"म्हणून म्हणते, आज मरू नका," ती म्हणाली, "उद्या बघू," आणि शेंगा हातात तशाच घेऊन आत गेली.